पाव इंच बर्फासाठी पाच दिवस

वीज मंडळातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुठेही गेलो की माझी नजर आधी खांबांवर जाते. न्यू जर्सीतल्या मुलाकडून पुतण्याकडे नॉर्थ कॅरोलायनाला निघालो, तेव्हाही ही म्हणाली, "आता तिथे तारा बघू नका, बर्फ बघा." दोन्ही बघितलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. बेत साधा होता: दोन दिवस डोंगरात बर्फ, दोन दिवस समुद्र, मग घरगुती रविवार. यातला समुद्र झालाच नाही.

सोमवार: कॅरी

पुतण्याचं गाव कॅरी, रालीला लागूनच. रालीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा बाहेर १७ अंश सेल्सिअस. लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते. मुलाने दिलेला जाडजूड कोट हातावर घेऊन मी लग्नात चुकीच्या पंगतीला बसलेल्या माणसासारखा उभा. पुतण्या गाडीतच म्हणाला, "काका, शनिवारी काहीतरी येतंय."

काहीतरी म्हणजे काय, ते तिथे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. पाच दिवस आधीच्या अंदाजात बर्फ होता, पाऊस होता, 'काहीच नाही' हेही होतं. रात्री जेवण झाल्यावर पुतण्याने राष्ट्रीय हवामान सेवेच्या राली कार्यालयाचं एक पान दाखवलं. सूर्य-ढगांची चित्रं नाहीत, नुसता मजकूर. ड्यूटीवरचा हवामानशास्त्रज्ञ दिवसातून अनेकदा ही 'चर्चा' लिहितो. हवामानाच्या कोणत्या संगणकी मॉडेलवर भरवसा वाटतो, कोणत्यावर नाही, कुठे घोळ आहे, सगळं उघड. 'या घडीला खात्री कमी आहे' असं सरकारी कागदावर लिहिलेलं मी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही पाहिलं नव्हतं. मला तो माणूस आवडला. पुढचे सहा दिवस मी सकाळच्या चहाबरोबर तेच वाचलं.

हिवाळ्यात तिकडे जाणार असाल तर फोनमधल्या ॲपच्या चित्रावर विसंबू नका. पाच दिवस आधी ॲप बेधडक 'आठ इंच' लिहितं आणि दुसऱ्या दिवशी ते पुसतं. हवामान सेवेच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचं नाव टाकून तासातासाचा अंदाज आणि ती चर्चा बघा. आणि ३२ हा आकडा डोक्यात बसवा. तिकडे सगळं फॅरनहाइटमध्ये चालतं आणि पाणी ३२ ला गोठतं. त्या आठवड्यात सगळी मारामारी ३१ की ३३ यावरच होती.

मंगळवार: बूनच्या वाटेवर

सकाळी डोंगराकडे निघालो. ग्रीन्सबरोजवळ पुतण्याने सांगितलं, इथून रोज दोनदा हवामानाचा फुगा सोडतात. फुग्याला लटकवलेलं उपकरण वर जाता जाता तापमान, ओलावा आणि दाब पाठवत राहतं. जमिनीवर किती थंडी आहे ते कुणीही सांगेल, पण दीड-दोन किलोमीटर वर काय आहे त्यावर खाली बर्फ पडणार की पाऊस हे ठरतं. हे शनिवारी नीट कळलं. मंगळवारी नुसती मान डोलावली.

बून हे ब्लू रिज डोंगरातलं गाव, उंची ३,३३३ फूट. म्हणजे आपलं महाबळेश्वर याहून उंच! पण महाबळेश्वरला दवबिंदू गोठले तरी वर्तमानपत्रात फोटो येतो, इथे रस्त्याच्या कडेला आठवडाभर जुना, काळपट पडलेला बर्फ ढिगाने होता. ब्लू रिज पार्कवेवर गाडी घालायची पुतण्याची फार इच्छा, पण फाटक बंद. त्या रस्त्यावरचा बर्फ हटवत नाहीत, मीठही टाकत नाहीत, सरळ फाटक लावतात. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी पार्कवे धरून बेत आखू नये.

मोटेलचे मालक निघाले आणंदचे. अमेरिकेत मोटेल म्हटलं की गुजराती माणूस भेटतोच, तरी त्या थंडीत "आवो आवो" ऐकून हिच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी हातात आल्याचा चहा ठेवला आणि हवामानाची जी शाळा घेतली, ती कुठल्याही कार्यालयात मिळाली नसती.

शेजारी बॅनर एल्क म्हणून गाव आहे. तिथे दर ऑक्टोबरात केसाळ सुरवंटांची जत्रा भरते, १९७८ पासून. सुरवंट दोरीवर चढवून शर्यत लावतात आणि जिंकलेल्या सुरवंटाच्या अंगावरचे तेरा पट्टे वाचतात. तेरा पट्टे म्हणजे हिवाळ्याचे तेरा आठवडे. काळा पट्टा असला तर थंडी-बर्फ, तांबूस असला तर सौम्य. आणखी एक: ऑगस्टात जितक्या सकाळी धुकं पडेल, हिवाळ्यात तितके बर्फ. जुनी माणसं म्हणे बरणीत बी टाकून धुकी मोजतात.

मी त्यांना बुलढाण्याच्या भेंडवळची घटमांडणी सांगितली. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडायचा, भोवती धान्यं ठेवायची आणि पहाटे कोणतं हललं त्यावरून पीकपाण्याचं भाकीत. मालक खूश. "म्हणजे तुमचा सुरवंट म्हणजे गहू-ज्वारी!" मी विचारलं, "यंदाच्या सुरवंटाने शनिवारबद्दल काय म्हटलंय?" ते हसले. "सुरवंट गिऱ्हाइकांना सांगायला. मी स्वतः राष्ट्रीय हवामान सेवा बघतो."

बुधवार: बून

दिवसभर बर्फ. म्हणजे आकाशातला नव्हे, स्कीच्या उतारावरचा, यंत्राने फवारलेला. रात्री तापमान पुरेसं उतरलं की तोफांसारखी यंत्रं पाण्याचा फवारा मारतात आणि तो खाली पडेपर्यंत गोठतो. हिने एक गोळा करून मला मारला. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारातला पहिला.

नाश्त्याला बिस्किट, म्हणजे आपलं बिस्किट नव्हे, लोण्यातला खुसखुशीत पाव, आणि बरोबर ॲपल बटर. त्यात लोणी नसतंच. सफरचंद तासन् तास आटवून केलेला, दालचिनी घातलेला मुरंबा तो. दोन बरण्या घेतल्या.

संध्याकाळी मालक गंभीर होते. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने या डोंगराळ भागात रस्ते, पूल आणि तारा सगळं वाहून नेलं होतं, काही वस्त्यांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हापासून अंदाजात नुसतं 'कदाचित' दिसलं तरी ते टाकीत डिझेल भरून ठेवतात. "उद्या सकाळी खाली उतरा," ते म्हणाले. "इथे बर्फ पडेल, त्याची आम्हाला सवय आहे. खाली तुमच्याकडे काय पडेल ते वाईट."

गुरुवार: परत खाली

सकाळी फोन वाजला: विंटर स्टॉर्म वॉच. या शब्दांची उतरंड समजून घ्या, फार उपयोगी पडते. वॉच म्हणजे दोन-तीन दिवसांत घडू शकतं, तयारीला लागा. वॉर्निंग म्हणजे येतंय किंवा आलंय, आता घराबाहेर पडू नका. ॲडव्हायजरी यापेक्षा सौम्य, त्रास होईल पण जिवावर बेतणार नाही. नुसत्या गोठत्या पावसाची, म्हणजे टेकेल तिथे गोठणाऱ्या पावसाची, वेगळी आइस स्टॉर्म वॉर्निंगही असते. बहुतेक भागांत पाव इंच थराचा अंदाज असला की ती देतात. पाव इंच! मला वाटलं छपाईची चूक आहे.

परतताना हायवेवर कुणी फणीने ओढाव्यात तशा पांढऱ्या समांतर रेघा. ते मिठाचं पाणी. तेवीस टक्क्यांच्या आसपास मीठ असलेलं द्रावण वादळाआधी फवारतात, पाणी उडून जातं, मीठ रस्त्याला धरून बसतं आणि बर्फाला चिकटू देत नाही. पण वादळाची सुरुवात साध्या पावसाने होणार असेल तर फवारून काही उपयोग नाही, सगळं धुऊन जातं. म्हणजे रस्त्यावर मीठ टाकायचं की नाही हेही पहिल्या तासाच्या अंदाजावर अवलंबून.

आणि मग ग्रीन्सबरोच्या अलीकडे एका मोठ्या पार्किंगमध्ये मला जे दिसलं त्यासाठी मी पुतण्याला गाडी थांबवायलाच लावली. पन्नासएक बकेट ट्रक, म्हणजे लाइनमनला बादलीत उभं करून तारांपर्यंत उचलणारे ट्रक, रांगेत उभे. परराज्यांच्या पाट्या. वादळ यायला दोन दिवस असताना दुसऱ्या राज्यांतले लाइनमन येऊन बसलेले! आपल्याकडे पडलेला खांब उचलायला क्रेन कुठून आणायची, याची फोनाफोनी खांब पडल्यावर सुरू होते. मी दहा मिनिटं नुसता बघत उभा होतो. ही गाडीतून बाहेर आली नाही.

शुक्रवार: तयारी

दुकानात पाव-दूध संपलेलं. इथली रीतच आहे, अंदाजात बर्फ आला की पाव आणि दूध नाहीसं होतं. देशी दुकानात कणीक आणि कोथिंबीर गायब. कोथिंबिरीवाचून कुणाचं वादळ अडतं ते देव जाणे, पण आमच्याही पिशवीत चार जुड्या होत्या.

तयारीचं सांगतो, कारण पुतण्याची बायको यात माझ्या मते कुठल्याही कनिष्ठ अभियंत्यापेक्षा पक्की होती. फोन आणि पॉवरबँक भरून झाले. गाडीची टाकी भरून झाली. दोन दिवसांचा स्वयंपाक झाला. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळांना बारीक धार सोडली आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवली, घरातली ऊब पाइपापर्यंत जावी म्हणून. पाइपात पाणी गोठलं की ते फुगतं आणि पाइप फाटतो. वीज गेल्यावर फ्रीज उघडायचा नाही, बंद राहिला तर आतलं चार तास टिकतं, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. जनरेटर घरापासून वीस फूट लांब, कोळशाची शेगडी घरात अजिबात नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या आपणही वाचतो, विषारी वायू तोच.

पुतण्या निर्धास्त. "काका, आपल्या कॉलनीत तारा जमिनीखाली आहेत. लाइट जायचे नाहीत."

मी म्हटलं, "कॉलनीत आहेत रे. पण कॉलनीला वीज आणणारी मुख्य लाइन, तो फीडर कुठून येतो?"

जेवण झाल्यावर आम्ही दोघं चालत कॉलनीच्या तोंडाशी गेलो. मोठ्या रस्त्यावर तारा खांबांवर, आणि खांबांच्या डोक्यावर वाकलेले ऐंशी-ऐंशी फुटी पाइन. वर्षभर हिरवी राहणारी, सुयांसारख्या पानांची झाडं, प्रत्येक सुईवर पाणी धरणारी. मी काही बोललो नाही. घरी येऊन कागद घेतला. आपली अकरा हजार व्होल्टची 'रॅबिट' नावाची तार घ्या: जाडी दहा मिलिमीटर, वजन मीटरला २१४ ग्रॅम. तिच्याभोवती सगळीकडून पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरहून थोडा जास्त बर्फ चढला तर मीटरला जवळजवळ तीनशे ग्रॅम जादा. म्हणजे तार दुपटीहून जड. अर्धा इंच चढला तर जादा वजन तारेच्या पावणेचार पटीहून जास्त. पाव इंचाची चेष्टा मी तिथेच थांबवली.

संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या. रालीतला हिवाळा त्यांना इंचात नाही, वळणात माहीत. कोणता पूल आधी गोठतो (पुलाखालून वारा जातो, म्हणून पूल रस्त्याच्या आधी गोठतो), कोणत्या चढावर गाड्या मागे घसरतात. १९ जानेवारी २००५ ला रालीत जेमतेम इंचभर बर्फ पडला. रस्त्याला चिकटून तो गोठला, सगळं शहर एकाच वेळी घरी निघालं आणि अडकलं. अनेक मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. "मी बसमध्ये गाणी म्हणत होते, हनी. नंतर गाणी संपली." तेव्हापासून इथे नुसतं ढग दिसलं तरी शाळा बंद करतात अशी पुतण्याची तक्रार. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा करायला उठला.

उलटही झालंय. २००० च्या जानेवारीत अंदाज किरकोळ होता आणि रालीत २०.३ इंच पडला, शहराचा विक्रम. म्हणून बाई अंदाजातल्या आकड्यापेक्षा 'किती चुकू शकतो' ते विचारतात.

शनिवार: वादळ

पहाटे पाचला खिडकीवर आवाज आला. कुणी मूठ-मूठ साबुदाणा फेकतंय तसा. बाहेर दिव्याखाली बारीक पांढरे दाणे टणटण उडत होते. याला स्लीट म्हणतात. नात, म्हणजे पुतण्याची मुलगी, उड्या मारत होती. आठ वाजता आवाज थांबला आणि साधा, बारीक, निरुपद्रवी पाऊस सुरू झाला. नातीने विचारलं, "संपलं?" पुतण्याने थर्मामीटर बघितला: ३०.

आता चर्चेतलं सगळं समजलं. उत्तरेकडे, न्यूयॉर्क-न्यू इंग्लंडवर थंड हवेचा जड डोंगर बसलेला. ती हवा ॲपलेशियन रांगेच्या पूर्व कुशीला धरून दक्षिणेला सरकते, डोंगर ओलांडता येत नाही म्हणून तिथेच साचते. इथले हवामानवाले त्याला 'वेज' म्हणतात. आपल्या भाषेत पाचर, आणि अगदी पाचरच. थंड हवा जमिनीलगत ठोकून बसते आणि समुद्रावरची उबदार ओली हवा तिच्यावरून चढते. वरून निघालेला बर्फ त्या उबदार थरात वितळतो. खालचा थंड थर जाड असेल तर थेंब पुन्हा गोठून साबुदाणा होतो. पातळ असेल तर गोठायला वेळच मिळत नाही. थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि फांदी, तार, पायरी, जे आधी लागेल त्यावर गोठतो. ढगाला दोष नाही, पाऊस तोच. सह्याद्रीच्या माणसाला डोंगराने पाऊस अडवल्याचं कौतुक काय सांगायचं, पण डोंगर थंडी अडवून धरतो हे मला नवीन होतं.

दुपारपर्यंत अंगणातलं प्रत्येक गवताचं पातं काचेच्या नळीत. विलक्षण शांतता. मग लांब कुठेतरी बंदुकीसारखा बार, मागोमाग काचा फुटल्यासारखी सळसळ. पाइनची फांदी. दहा मिनिटांनी आणखी एक. पावणेतीनला क्षितिजावर हिरवट-निळा लखलखाट झाला आणि घर अंधारलं.

पुतण्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फीडर."

शेजारच्या बाईंचं घर सगळं विजेवर. पुतण्याकडे गॅसची चूल आणि गॅसची शेकोटी, म्हणून त्यांना बोलावून आणलं. वीस पावलांचं अंतर, त्याला दहा मिनिटं लागली. अशा वेळी टाच टेकवून चालायचं नाही. पाय फाकवून, सबंध तळवा टेकवत, बदकासारखं. हात खिशात घालायचे नाहीत, पडलात तर टेकायला लागतात. मी बुटांना लावायच्या काट्यांच्या पट्ट्या आदल्या दिवशी घेतल्या होत्या, दुकानात सगळे हसले होते, तेव्हा मात्र एकाच पट्टीच्या जोडीवर घरातले चार जण आळीपाळीने बाहेर गेले.

काडेपेटीने चूल पेटवून हिने पिठलं-भात केला. बाईंनी पिठल्याला 'पिवळे ग्रिट्स' (ग्रिट्स म्हणजे तिकडची मक्याच्या भरडीची लापशी) म्हटलं आणि दोनदा घेतलं. डिसेंबर २००२ च्या बर्फाच्या वादळाची गोष्ट त्यांनी शेकोटीपाशी सांगितली. दोन्ही कॅरोलायनांत मिळून अठरा लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात होते. रात्रभर झाडं मोडत होती आणि प्रत्येक आवाजानंतर बाई आपलं छप्पर शाबूत आहे का ते बघत होत्या.

रविवार: काच

सकाळी ऊन पडलं आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. प्रत्येक फांदी पेटल्यासारखी. फोटोत येत नाही, प्रयत्न केला. पण झाडाखाली उभं राहू नका. दहानंतर वितळू लागलं की हातभर लांब तुकडे सुटून पडतात.

साडेनऊला मोठ्या रस्त्यावर बकेट ट्रक आला. पाटी परराज्याची. एक पाइन तारांवर आडवा, खांबाचा आडवा दांडा तुटलेला. मी पट्ट्या चढवून गेलोच. लाइनमन विशीतला. त्याने आधी मला लांब उभं केलं, योग्य केलं. काम झाल्यावर बोलला. मी वीज मंडळातला म्हटल्यावर त्याने हातमोजे काढून हात मिळवला आणि मोडकी तार दाखवली. तिच्यावरची काच अजून तशीच होती. "किती असेल?" मी विचारलं. त्याने अंगठा-तर्जनीने दाखवलं. एवढंसंच.

अकरा वाजता दिवे आले. शेजारून बाईंची आरोळी ऐकू आली.

दुपारी रस्ते ओले, काळे, निरागस. पण संध्याकाळी तापमान उतरलं की वितळलेलं तेच पाणी पुन्हा गोठतं आणि दिसत नाही. तो ब्लॅक आइस. वादळाच्या दिवशी सगळे घरात बसतात, अपघात दुसऱ्या दिवशी सकाळी होतात असं बाई म्हणाल्या. आम्ही सोमवारचं सकाळचं विमान दुपारचं करून घेतलं.

निघण्याआधी एक काम राहिलं होतं. हवामान कार्यालयाला सामान्य लोकांच्या मोजमापाची गरज असते, कारण फुगा वरचं सांगतो, फांदीवर किती चढलं ते माणसालाच बघावं लागतं. नातीने कुंपणालगतची डहाळी मोडून आणली. जिथे थर सगळ्यांत जाड तिथे पट्टी लावली, जिथे पातळ तिथे लावली, दोन्हींची सरासरी काढली. सात मिलिमीटर. पुतण्याने ते इंचात करून कळवलं: पाव इंचाहून किंचित जास्त. अंदाज पाव ते अर्धा होता.

डहाळी तिने फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीमागे ठेवली. परवा फोन आला होता, अजून आहे म्हणे.